बिब्ब्याच्या देवी

आमच्या पिढीतल्या बायकांच्या डाव्या दंडावर देवी काढल्याच्या, म्हणजे देवीच्या रोगाची लस टोचल्याच्या, खुणा असतात. माझ्या दोन्ही दंडांवर आहेत. उजव्या दंडावरच्या सरकारने दिल्या, डाव्यावरच्या आईने.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. पापडी गावात आमची केळीची वाडी होती. मी तीन वर्षांची असताना विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं आणि शेजारच्या वाडीवाल्याने माझ्या वडिलांना कोयत्याने ठार मारलं. खटला ठाण्याच्या कोर्टात उभा राहिला. जबानीखाली आईने अंगठा उठवला, पण वर काय लिहिलंय ते तिला वाचता येईना. घरी येऊन म्हणाली, "माझी पोर शिकनार."

शाळेचा मात्र नियम होता: देवी काढल्याशिवाय नाव घालायचं नाही. दाखला नसला तर गुरुजी दंडावरच्या खुणा बघत. देवी काढणारे डॉक्टर गावात आले की आई मला केळीत लपवायची. भर कोर्टात आरोपीच्या डोळ्याला डोळा भिडवणारी ही बाई, पण त्या एवढ्याशा सुईपुढे तिची गाळण उडायची. शेवटी तिने तिच्या मते फार हुशारी केली. शाळा सुरू व्हायच्या चार दिवस आधी बिब्बा तापवला आणि त्याचं तेल माझ्या डाव्या दंडावर टेकवलं. तीन ठिपके, एका ओळीत, रांगोळीला शोभतील असे.

बिब्बा उतला, कातडीवर फोड आले. दंड पावासारखा फुगला आणि खाजवून खाजवून मी रडकुंडीला आले. तशीच झग्याची बाही खाली ओढून आई मला शाळेत घेऊन गेली.

गुरुजींनी बाही वर केली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"वहिनी, देवी काढल्यात की गांधीलमाशीचं पोळं बसवलंय?"

"सरकारी डॉक्टरनंच काढल्यात," आई म्हणाली. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे तिने हे छपराकडे बघून सांगितलं.

डॉक्टर नेमके त्या दिवशी व्हरांड्यातच बसले होते. गुरुजींनी मला तिकडे न्यायला हात धरला, तशी आई दारात आडवी झाली.

"हिच्या बापाचं रगत मी या हातांनी पुसलंय, गुरुजी. हिच्या अंगाला लोखंड लागू देनार नाय."

गुरुजींचं हसू मावळलं. ते म्हणाले, "मग नाव घालता येणार नाही, वहिनी. आणि मला ते घालायचंय."

आता घरी जायचं म्हणून मी खूश झाले, खरं तेच सांगते. पण आईने माझा उजवा दंड उघडा केला, दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि डॉक्टरांना म्हणाली, "काढा."

तिने नजर हलवली नाही. रक्ताचा बारीकसा थेंब वर आला, तसा तिने पदर पुढे केला.

"पुसू नका, बाई, लस जाईल. वाळू दे," डॉक्टर म्हणाले.

तो वाळेपर्यंत आई माझा दंड धरून रडत उभी राहिली. मग गुरुजींनी नाव लिहिलं.