डावीकडे ओढणारी गाडी

शिरूरमध्ये नथानिएल उजागरेला सगळे भांडकुदळ म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. नगर रस्त्याला घोडनदीच्या पुलाअलीकडं त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. तिथून दिवसातून एकदा तरी त्याचा चढलेला आवाज रस्त्यापर्यंत यायचा. कुणी ‘नाथा’ म्हणून हाक मारली की तो हातातलं काम थांबवायचा. आईबापांनी पुरं नाव ठेवलंय, ते घ्या, असं सांगायचा आणि ते घेतल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही.

मिशनच्या बंगल्यामागच्या ख्रिस्ती वस्तीत तो वाढला. मिशनच्या शाळेत लोहारकाम शिकला आणि तरुणपणी नगरच्या एका मोटार ठेकेदाराकडं लागला. तिथं एकदा ट्रकचा ब्रेक निकामी होऊन ट्रक भिंतीवर गेला. त्या चाकाचं काम दुसऱ्यानं केलं होतं, पण ठेकेदारानं दोष नथानिएलवर टाकला. चाक उघडून बघा, असं तो तीन दिवस विनवत राहिला. कुणी उघडलं नाही. त्याला काढून टाकलं. तेव्हापासून जो माणूस न बघता, न तपासता निकाल द्यायचा, त्याच्यावर नथानिएलचं डोकं फिरायचं. त्यात फौजदार, पुढारी, पाद्री असा भेद तो करत नसे.

बासष्ट सालच्या जानेवारीत एक काळी, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची विलायती मोटार गॅरेजसमोरच्या हॉटेलात चहाला थांबली. ती खुटबावच्या हौसरावांची होती. हौसराव म्हणजे सोसायटीचे चेअरमन, दोनशे एकरांचे धनी. गाडी रस्त्यावरून खाली उतरली तेव्हा पुढच्या डाव्या चाकाकडून कट् कट् असा आवाज आला. ब्रेक लागला तशी पुढची मडगार्डं थरथरली. नथानिएल उठून खिडकीशी गेला आणि म्हणाला, गाडी खालून ढिली झालीय, अशी पळवू नका.

हौसराव म्हणाले, “गाडी चांगली हाय. आमच्या ड्रायव्हरचा पाय जड हाय.” आणि काच वर घेतली.

ड्रायव्हर कोंडिबा केंदूरचा. तो नथानिएलकडं बघून काहीतरी बोलणार होता, पण मालक शेजारी होते. नथानिएल पुटपुटत परत आला. एक इंजिन उघडं पडलं होतं, तो त्यात गुंतला.

महिन्याभरानं बातमी आली. दौंडला भर बाजारात, स्टेशनजवळ, त्याच गाडीनं ब्रेक लावताना डावीकडं झेप घेतली आणि रस्त्याकडेला मेथी विकत बसलेल्या तुळजाबाईच्या पायावरून चाक गेलं. नडगीचे दोन तुकडे झाले. हौसरावांनी फौजदाराला जबानी दिली की ड्रायव्हर बेफाम चालवत होता, गाडीत काही दोष नाही. कोंडिबावर खटला भरला, लायसन गेलं, नोकरी गेली.

नथानिएल त्या दिवशी जेवला नाही. त्याची बायको राहेल सांगायची की तो ताटावरून उठून गॅरेजात गेला आणि नुसता ऐरणीवर हातोडा मारत बसला.

आणखी पंधरा दिवसांनी हौसराव स्वतः गाडी हाकत, बैलगाडीच्या चालीनं, शिरूरला आले. पोलिसांनी गाडी जामिनावर परत दिली होती. पुण्यातल्या एका बड्या वर्कशॉपात ब्रेकचे सगळे लायनर, म्हणजे आतल्या घासपट्ट्या, बदलूनही थरथर गेली नव्हती, आणि शिरूरच्या मिस्त्रीचं नाव त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या. गाडी नीट करून हवी होती, आणि अपघाताच्या वेळी तीत काही दोष नव्हता अशी कोर्टात दाखवायला एक चिठ्ठी हवी होती.

“आधी बघतो,” नथानिएल म्हणाला. “मग लिहितो.”

त्यानं हौसरावांना शेजारी बसवलं आणि गाडी मोकळ्या रस्त्याला काढली. वेग घेऊन पायाचा ब्रेक दाबला, तसं स्टिअरिंग हातात नाचायला लागलं आणि गाडी डावीकडं ओढली गेली. पुन्हा वेग घेतला आणि या वेळी नुसता हातब्रेक ओढला. गाडी गुमान थांबली. हातब्रेक मागच्या चाकांना लागतो, म्हणजे खोड पुढं होती. एवढं सांगून त्यानं गाडी माघारी वळवली.

गॅरेजात त्यानं पुढचा भाग जॅकवर घेतला. डावं चाक काढून त्यामागचा ब्रेकचा ड्रम हातानं फिरवला. तो एका जागी घासायचा, पुढं मोकळा फिरायचा, परत त्याच जागी घासायचा. त्यानं शेजारी एक तार रोवून तिचं टोक ड्रमला टेकवलं आणि हौसरावांना वाकून बघायला लावलं. ड्रम फिरला तशी तारेखालची फट उघडायची आणि मिटायची. ड्रम गोल राहिला नव्हता. नवे लायनर लावून त्याला काय होणार होतं? मग त्यानं आस ज्यावर बसतो त्या स्प्रिंगच्या पाट्यापाशी पहार घातली. पाट्याचं पुढचं टोक ज्या पिनेवर चेसिसला अडकतं, तिथला बुश, म्हणजे पिनेभोवतीची धातूची नळी, पार झिजून गेला होता. पहार दाबली की कट् असा आवाज व्हायचा आणि अख्खा आस बोटभर मागं सरकायचा. ब्रेक दाबला की चाक मागं सरायचं आणि गाडी डावीकडं वळायची. पीन काढून बघितली, तर ती एका अंगानं झिजून चकचकीत झाली होती. ग्रीसचा पत्ता नव्हता.

“ही झीज आठवड्या-पंधरवड्याची न्हाई, सहा महिन्यांची हाय,” नथानिएल म्हणाला. “कोंडिबा बोलला न्हाई तुम्हाला?”

हौसराव म्हणाले, बोलला होता दोन-तीनदा, पण ड्रायव्हर लोकांना काहीतरी निमित्त लागतंच. मग त्यांनी आवाज खाली आणला. बुश बदल, ड्रम लेथवर धर आणि चिठ्ठी लिही, असं सांगितलं. खुटबावपासून केंदूरपर्यंतची ऑइल इंजिनं आणि सोसायटीचे ट्रक कुणाकडं यायचे ते आपल्या हातात आहे, हेही सांगितलं.

नथानिएलनं पहार खाली टाकली. “बाईचा पाय तुटला. गरिबाच्या हातची गाडी गेली. आन् तुम्ही मला खोटं लिहायला सांगताय, ते बी माझ्याच दारात उभं राहून?”

“नाथा, तोंड सांभाळ.”

“नथानिएल.”

त्यानं पुढची दोन्ही चाकं, ड्रम आणि पीन आतल्या खोलीत टाकून कुलूप लावलं, किल्ली राहेलकडं दिली आणि तसाच, तेलकट हातांनी, दौंडला जाणाऱ्या एसटीत बसला. हौसराव ओरडत राहिले. राहेल दारात पाट टाकून तांदूळ निवडत बसली. मिस्त्री आल्याशिवाय कुलूप निघायचं नाही, एवढंच ती म्हणाली. शेवटी खुटबावचे चेअरमन बस पकडून घरी गेले.

दौंडला नथानिएलनं फौजदारासमोर एकच हट्ट धरला. माझं ऐकू नका, उघडून बघा. फौजदार आधी त्याच्यावर खेकसला, पण दुसऱ्या दिवशी सकाळी एक जमादार आणि दोन पंच घेऊन शिरूरला आला. ड्रम आणि पीन परत जागेवर बसवून तार पुन्हा रोवली, पहार पुन्हा घातली. प्रत्येकानं स्वतः ड्रम फिरवून बघितला. पंचनामा झाला.

खटला उन्हाळ्यात उभा राहिला. हौसरावांची जबानी धरून सरकारी वकिलानं उलटतपासणीत विचारलं की तुम्हाला राग फार येतो, खरं ना? नथानिएल म्हणाला, येतो, पण रागानं ड्रम वाकडा होत नाही. मग शपथेवर त्यानं तेही सांगितलं जे त्याला कुणी विचारलं नव्हतं. अपघाताच्या महिनाभर आधी आपण हाच आवाज ऐकला होता आणि मालकाला खिडकीतून सांगितलं होतं. त्या जबानीनं कोंडिबा सुटला. हौसरावांना पुढं गाडी नादुरुस्त ठेवल्याबद्दल किरकोळ दंड झाला.

कोर्टाच्या आवारात कोंडिबा नथानिएलच्या पाया पडायला वाकला. तेवढ्यात हौसराव जवळून गेले, आणि कोंडिबानं सवयीनं त्यांनाही हात जोडून रामराम केला. नथानिएल त्याच्यावर एवढा भडकला की कोंडिबाला सुटल्याचं सुखही धड लागलं नाही.

तुळजाबाई काठी टेकत पायरीवर बसली होती. जबानी तिनंही ऐकली होती. तिनं नथानिएलला हाक मारून जवळ बोलावलं.

“मिस्त्री, तुम्हाला महिनाभर आधी ठावं व्हतं?”

“व्हय.”

“मंग तुम्ही काच वर व्हऊ दिली आन् माघारी गेला? गाडीफुडं आडवं का न्हाई पडला?”

आयुष्यभर नथानिएल इतरांना जे सुनावत आला होता, ते कुणीतरी त्याला सुनावत होतं, आणि ते खोटं नव्हतं.

त्यानंतर तो आणखी वाईट झाला. ब्रेक धड नसलेली गाडी तो गॅरेजातून हलू देत नसे. किल्ली काढून खिशात घालायचा आणि रस्त्यात उभा राहायचा. एकदा एका कंत्राटदारानं त्याच्या कानशिलात मारली, तरी बाजूला झाला नाही. सोसायटीचे ट्रक येणं बंद झालंच होतं. हळूहळू बरीच गिऱ्हाइकं पुलापलीकडच्या गॅरेजात जाऊ लागली.

कोंडिबाला कुणी पुन्हा स्टिअरिंग दिलं नाही. तो दौंडला रेल्वेच्या यार्डात खलाशी, म्हणजे अंगमेहनतीचा गडी, झाला.

तुळजाबाईला डोक्यावर पाटी घेऊन चालता येत नव्हतं. दिवाळीच्या सुमारास नथानिएलनं तिच्यासाठी एक हातगाडा बनवला. चाकं बेअरिंगवर बसवली, उतारावर थांबवायला लाकडी ब्रेक लावला आणि ट्रकवर टाकून तो दौंडला नेला. तिनं गाडा ढकलून पाहिला, ब्रेक लावून पाहिला.

“घेते,” ती म्हणाली. “पर माझा राग गेला न्हाई, सांगून ठेवते.”

“जाऊ बी नका देऊ,” नथानिएल म्हणाला. तो गाड्याखाली वाकला, आसाला ग्रीस लावलं आणि महिन्यातून एकदा असं लावत जा, म्हणून उरलेला डबा तिच्याजवळ ठेवला.