अक्कांची मॉड्यूल-परीक्षा

येलहंकात आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या अक्का इंजिनियर आहेत. त्यांच्या कारखान्यात शेतातले पंप लांबून चालू-बंद करणारी यंत्रं बनतात. त्यात बसणारं नखाएवढं नेटवर्कचं मॉड्यूल कोणत्या कंपनीचं घ्यायचं, हे अक्का ठरवतात. जिन्यात भेटल्या की कानडी वळणानं "स्वल्प ऐका", म्हणजे थोडंसं ऐका, म्हणतात आणि अर्धा तास कंपन्यांची उणीदुणी काढतात. "ती गोड बोलते हो, पण अडचण आली की फोन उचलत नाही!"

गेल्या रविवारी शेवटच्या दोन कंपन्यांतून एक निवडायची होती. त्यातल्या एकीत त्यांचे यजमान विक्री सांभाळतात. ऑर्डर मिळावी म्हणून ते महिनाभर घरात चहा करत होते. अक्कांनी त्यांच्या कंपनीचं मॉड्यूल त्यांच्या हातात दिलं, दुसरं माझ्या, आणि आम्हाला जवळच्या तळ्याकडे पिटाळलं. कोणाचा सिग्नल कुठवर पोचतो ते बघायला स्वतः गच्चीवर थांबल्या.

दुधाच्या दुकानाशी माझा फोन वाजला.

"यजमानांना सांगा, त्यांचा सिग्नल गेला! तुमचा आहे!"

यजमानांनी फोन हिसकावला. "अगं, नवऱ्याची थोडी तरी बाजू घे!"

"घरात घेते की! पंपाला काय सांगू?"

ते क्षणभर गोरेमोरे झाले. मग माझं मॉड्यूलही ओढून घेत म्हणाले, "बघू तरी, याचा सिग्नल कुठवर जातो!" आणि लुंगी सावरत पळत सुटले. मी मागोमाग. फोनमधून अक्का ओरडत होत्या, "आहे! अजून आहे!"

तळ्याशी आम्ही हसून हसून खाली बसलो. हरलेली कंपनी माझ्या आधी पोचली होती.