तिनं लावून ठेवलेलं घर

लष्कर शहरातली मानमोडीच्या तापाची साथ ओसरली, त्याच्या दुसऱ्या वर्षी माझं लग्न झालं. यांची पहिली बायको त्या साथीत गेली होती. मी उज्जैनची, दुसरेपणावर दिलेली. लग्नात मंगळसूत्राबरोबर सवतीचा टाकही गळ्यात आला. चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर उमटवलेली बाई. मेलेल्या सवतीचा राग नव्या बायकोला बाधू नये म्हणून तो घालायचा, असं आईनं सांगितलं होतं. वाकून काम करताना तो पुढे लोंबकळायचा आणि मला वाटायचं, ही माझं काम बघते आहे.

दौलतगंजात एका बोळात वरच्या मजल्यावर आमचं बिऱ्हाड होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणी आणि मागे गच्ची. गच्चीवरून किल्ला दिसे. हे दरबारच्या कचेरीत कारकून होते. सकाळी जेवून जायचे ते दिवेलागणीला यायचे. सासूबाई केव्हाच वारल्या होत्या. दिवसभर घरात मी आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे. त्यांचा उभा जन्म दफ्तरात मोडी लिहिण्यात गेला होता. उंच, ताठ, कमी बोलणारे. सकाळी स्वतःच्या हातानं पूजा करत आणि मग खिडकीपाशी बैठकीवर बसून राहत.

त्या घरात पाऊल टाकलं तेव्हा पहिली गोष्ट जाणवली ती ही, की घर रिकामं आहे. खोल्यांच्या मध्ये जमिनीवर काही म्हणजे काही नव्हतं. पाट भिंतीला टेकलेले, कळशी कोपऱ्यात, चपला उंबऱ्याच्या डाव्या हाताला. फळीवर रोज लागतील तेवढीच भांडी, बाकीची माळ्यावर पेटीत बंद. बैठकीच्या खोलीपासून न्हाणीपर्यंत भिंतीलगत एक सुंभाची दोरी बांधलेली. कपडे वाळत घालायची म्हणावं तर ती कमरेइतकीच उंच. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे दोरे. कोनाड्यातल्या डब्यांना, देवघरातल्या हळदीकुंकवाच्या करंड्यांना काळे दोरे बांधलेले होते. कुठे एक गाठ, कुठे दोन, कुठे नुसताच दोरा.

मी शेजारच्या गच्चीवरच्या बाईंना विचारलं. त्या इथल्याच, हिंदी बोलणाऱ्या. पापड वाळत घालता घालता म्हणाल्या, "वही बाँधती थी, बहूजी. पूछो तो हँस देती थी." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "इतना जमाया हुआ घर छोड़के वो कहाँ जाएगी?"

मी तेव्हा सतरा वर्षांची होते. माझं घर मला माझ्यासारखं हवं होतं. मी दोरे कापून टाकले. माहेरहून आणलेले तांब्याचे हंडे मधल्या खोलीत मांडले, कपड्यांची पेटी खिडकीखाली आणून ठेवली, फळीवरचे डबे मला सोयीचे पडतील असे लावले, ती सुंभाची दोरी सोडून गुंडाळून ठेवली. संध्याकाळी हे आले, नजर फिरवली आणि पगडी खुंटीला अडकवली.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर धुणं वाळत घालून मी आत आले, तर ओव्याचा डबा पुन्हा जुन्या जागी होता. त्याला नवा दोरा, दोन गाठी.

मामंजी बैठकीवर बसले होते, नेहमीसारखे, खिडकीकडे तोंड करून.

"मामंजी, हा डबा तुम्ही हलवलात का?"

"मी?" ते म्हणाले. "मला काय करायचंय डब्यांशी?"

त्यानंतर हे सुरूच झालं. मी एखादी वस्तू हलवावी आणि ती परत जाऊन बसावी. करंडा, तपकिरीची डबी, तांब्या, पाट. मी दोरे कापायची, ते पुन्हा बांधलेले दिसायचे. दोरीसुद्धा एके दिवशी भिंतीवर परत लागली. जड हंडे आणि पेटी मात्र हलायची नाही, आणि तेवढ्यावरून मी समजूत करून घेतली की तिच्यात तेवढी ताकद नसेल. मी तिच्याशी मनातल्या मनात बोलू लागले. तुझं होतं ते कबूल, पण आता मी आहे, मला राहू दे. टाक मुठीत धरून हे म्हणायची आणि मूठ घामेजून जायची.

यांना एकदा धीर करून सांगितलं. हे पगडी उतरवत होते. "तीही अशीच," हे म्हणाले. "पेला हातभर सरकला तरी कासावीस व्हायची. वेडच होतं तिला घर लावण्याचं. त्यावरून मी फार बोललो आहे तिला."

"पण आता कोण ठेवतं?"

"तूच ठेवत असशील आणि विसरत असशील," असं म्हणून हे हातपाय धुवायला गेले.

एक दिवस मामंजींच्या नडगीवर मोठं काळंनिळं दिसलं. "म्हातारी कातडी," म्हणाले, "कुठे लागलं कळतही नाही." मी हळद लावून दिली.

पुढे चैत्र आला. शेजारच्या आळीत हळदीकुंकू होतं. मी जेवणं आटोपून गेले, पण तिथे डोकं दुखू लागलं म्हणून लवकर निघाले. ऊन कडक. जिना अनवाणी चढले आणि दार नुसतं लोटलेलं होतं ते ढकललं.

मामंजी खोलीत उभे होते. एक हात दोरीवर, दुसरा पुढे पसरलेला. माझ्या पेटीला पाय लागला तसे थांबले, तिच्या कडेवरून बोटं फिरवली आणि वळसा घालून कोनाड्याशी आले. मी सकाळी लावलेले डबे एकेक उचलून हुंगले, जुन्या जागी ठेवले, कनवटीला खोचलेला दोरा काढला आणि एका डब्याला बांधू लागले. सगळं सावकाश, चाचपत. दारातून ऊन थेट आत पडलं होतं आणि मी त्या उन्हात उभी होते. माझी बांगडी वाजली. ते वळले आणि माझ्या तोंडाकडे सरळ बघत म्हणाले, "कोण आहे?"

मी बांगडी दुसऱ्या हातानं दाबून धरली.

"कोण आहे?" ते पुन्हा म्हणाले. मग अगदी हलक्या आवाजात, "तू आहेस का, मुली?"

ते मला विचारत नव्हते. हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं. इतके दिवस मी ज्या बाईला भीत होते, तिची ते वाट बघत होते.

"मी आहे, मामंजी," मी म्हणाले. "मी नवी."

ते होते तिथेच खाली बसले. मी पाणी दिलं. पेला त्यांच्या हाताला लावून दिला तेव्हा त्यांनी मान हलवली, म्हणजे कळलं तुला, अशी.

मग त्यांनी सांगितलं. दफ्तर सोडलं तेव्हाच डोळे जायला लागले होते. त्यांचे स्वतःचे वडील आंधळे झाले होते. त्यांना मागच्या खोलीत बसवून ठेवलं होतं. वेळच्या वेळी ताट जायचं, पण घरात काही ठरवायचं झालं तर तिकडे कुणी जायचं नाही. "मी ते पाहिलंय," मामंजी म्हणाले. "मला त्या खोलीत जायचं नव्हतं."

पहिल्या सुनेनं ते न सांगताच ओळखलं. नवऱ्याला सांगणार नाही असा शब्द दिला आणि घर लावायला घेतलं. जास्तीची भांडी माळ्यावर टाकली, वाट मोकळी केली, प्रत्येक वस्तूला जागा दिली, दोऱ्यांच्या खुणा केल्या. पुढे नजर पुरती गेली तेव्हा मामंजींना घर पाठ झालं होतं. "तापात होती तरी उठली होती," ते म्हणाले. "कुणीतरी काढा द्यायला आलं आणि तांब्या भलतीकडे ठेवून गेलं. भिंत धरून गेली, तो जागेवर ठेवून आली. मला तिची पावलं ऐकू आली. ती शेवटची."

त्या दुपारी मी पेटी ओढत कोपऱ्यात नेली. हंडे माळ्यावर चढवले. मग मामंजींपाशी बसून एकेक विचारत गेले. हातातली वस्तू काम झालं की तिथल्या तिथे जागेवर. दार अर्धवट लोटायचं नाही. खोलीत येताना काहीतरी बोलत यायचं. नवीन काही घरात आलं तर आधी त्यांच्या हातात द्यायचं. त्यांनी माझ्याकडूनही शब्द घेतला, तिनं दिला होता तोच.

सवय लागायला वेळ गेला, पण लागली. काही शोधावं लागेना. दुपार मोकळी राहू लागली आणि त्या मोकळ्या दुपारी मामंजींनी मला मोडी शिकवली, माझ्या तळव्यावर बोटानं अक्षरं काढून. पण घर सोपं झालं म्हणून ती घरातून गेली नाही. उलट जवळ आली. मी न बघता हात पुढे करावा आणि हवं ते हाताशी लागावं, तेव्हा क्षणभर कळायचं नाही की हे मी ठेवलं की तिनं. हे एकदा म्हणाले, "तूही अगदी तिच्यासारखी झालीस." त्यांनी कौतुकानं म्हटलं. मी स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ चुलीपुढे बसून राहिले.

मामंजी काही वर्षांनी गेले. शेवटपर्यंत पूजा त्यांनीच केली. तेरावा झाल्यावर मी यांना सगळं सांगितलं. शब्द आता संपला होता. हे ऐकत राहिले. मग म्हणाले, "तिनंही सांगितलं नाही. मी तिला वेडी म्हणायचो आणि ती ऐकून घ्यायची." आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मी जवळ गेले नाही. तिथे माझं काही काम नव्हतं.

त्या वर्षी पितृपक्षात अविधवा नवमीला दरवर्षीसारखी तिच्या नावानं सवाष्ण जेवायला बोलावली. एरवी हे त्या दिवशी लवकर कचेरीत निघून जात. त्या दिवशी गेले नाहीत. मी ताट वाढत होते, तर हे दारात येऊन उभे राहिले.

"कढी केलीस का?"

"नाही, आमटी केली आहे. का?"

"तिला कढी फार आवडायची," हे म्हणाले. इतक्या वर्षांत तिच्याबद्दल यांनी आपण होऊन सांगितलेली ही पहिलीच गोष्ट. "वाटी तोंडाला लावून प्यायची. मग मी हसायचो."

मी सवाष्णीला जरा थांबायला सांगितलं आणि ताक घुसळायला घेतलं. हे पाट ओढून माझ्याजवळ बसले आणि तिच्याबद्दल बोलत राहिले, कढीला उकळी येईपर्यंत.