व्हर्लिनची कुत्री

आमचा शेजारी व्हर्लिन स्टॅम्पर हा साधा सुतार, पण जन्मात कधी खोटं बोलला नाही. एका रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर तो म्हणाला, "काल डोंगरात एक केसाळ जनावर पाहिलं. माणसाहून उंच, दोन पायांवर चालत होतं."

"अस्वल असेल. चष्मा बदल, बाबा," होबार्ट म्हणाला. सगळे हसले. व्हर्लिनचा चेहरा इतका पडला, की मला राहवेना.

"तुझ्या क्वीनीनं काय केलं ते सांग की," मी म्हटलं.

"अल्माबाई, अस्वलांना झाडावर चढायला लावणारी माझी कुत्री, पण काल भुंकलीसुद्धा नाही. माझ्या पायांत शिरून थरथरत बसली."

हसणं थांबलं. आमच्याकडे माणसावर शंका घेतात, शिकारी कुत्र्यावर नाही. होबार्टनं टोपी काढली.

"कुठल्या वाटेवर रे? उद्या माझ्या पोरी तिकडे रानकांदे खणायला जाणार होत्या."