बी.ए. नापास

ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. सख्ख्या भावाजवळ नाही, ज्यांच्यासोबत उभी नोकरी काढली त्या मास्तर लोकांजवळ नाही, मंगरूळपीरच्या दर्ग्यात इतक्यांदा डोकं टेकलं — तिथंही नाही. आता थकलो आहे. पश्चात्तापानं थकलो असं लिहिलं तर चांगलं दिसेल, पण ते खरं नाही. पोटात धरून ठेवण्यानंच थकलो. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुमच्याजवळ बोलायला जीभ थोडी उचलते आहे.

कुठून सुरू करू? विद्यापीठापासून करतो. ते सोपं आहे.

एकोणीसशे पन्नास नंतरचे दिवस. मी मंगरूळपीरच्या शाळेत मास्तर होतो, शिक्षण इंटर. तेव्हा आमचा वऱ्हाड ज्या राज्यात होता त्याच्या राजधानीला आम्ही नुसतं ‘शहर’ म्हणायचो. शहरात आहे काय, असं कुणी विचारलं तर लोक आधी विद्यापीठ म्हणत, मग बाकीचं. तिथला बी.ए. झालेला माणूस मोटारीत चढला की बसलेले सरकून जागा देत. लग्नाच्या पत्रिकेत नवरदेवाच्या नावापुढं बी.ए. छापत — आणि जो परीक्षेला बसून आपटला, तोसुद्धा छापत: ‘बी.ए. नापास’. हसू नका. त्या विद्यापीठात जाऊन पडणं हीही आमच्याकडं एक पायरीच होती. इंटर पासच्या वरची.

माझी बायको इंदू आसेगावची. तिच्या वडलांचा वांग्यांचा आणि मेथीचा मळा होता. लग्न झालं तेव्हा ती सातवी पास होती. पुढं मॅट्रिक झाली, इंटर झाली, सगळं घरी बसून. बायांना आणि मास्तर लोकांना तशी मुभा होती. मी तिला शिकवलं, असं मी जन्मभर सांगत आलो. खरं म्हणजे मी माझा अभ्यास मोठ्यानं वाचायचो आणि ती भाकरी थापता थापता ऐकायची. मला तीनदा वाचावं लागे. तिला एकदा पुरे.

मग आम्ही दोघांनी बी.ए.चे फॉर्म भरले. एकाच पाकिटात घालून पाठवले, म्हणून नंबर लागून आले — तिचा आधी, माझा नंतर. नवरा-बायको मिळून बी.ए.ला बसणार याचं गावात फार कौतुक झालं. शाळेच्या कमिटीनं त्याच सुमारास मुलींसाठी वेगळा मॅट्रिकचा वर्ग काढायचं ठरवलं होतं, आणि त्याला बी.ए. झालेली बाई हवी होती. सबंध तालुक्यात तशी एक नव्हती. सेक्रेटरी स्वतः घरी येऊन इंदूला म्हणाले, “बाई, तुमी पास होऊन या, वर्ग तुमचाच.” ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. नंतर पाहिलं तर डोळे पुसून चुलीवर चहा ठेवत होती. कुणीतरी तिला ‘तुमचाच’ म्हटलं होतं, तेही एका वर्गाबद्दल.

परीक्षेला शहरात गेलो. विद्यापीठाची ती दगडी इमारत, बाजूला नव्या बांधकामाचे बांबू, पाणी मारलेल्या विटा. इंदूनं पहिल्या दिवशी पायरीला हात लावून नमस्कार केला. मला लाज वाटली, मी दोन पावलं पुढं झालो. पेपर संपले, गावी परतलो.

आता निकालाचा दिवस. इथवर आलोच आहे, तर सांगतो.

पेपर दुपारच्या मोटारीनं यायचा. स्टँडवर रहमानचाचांचं चहाचं हॉटेल होतं, पेपर तिथं टेबलावर पसरायचा आणि ज्याचा त्यानं आपला नंबर बघायचा. चाचांचा एक रिवाज होता. पास झालेल्यानं सगळ्यांना जिलबी द्यायची. नापास झालेल्याला चाचांकडून एक चहा फुकट. काही न बोलता कप समोर ठेवायचे. त्या गावात नापास होण्याची एवढीच काय ती शोभा होती.

मी वाकून पाहिलं. तिचा नंबर होता. त्याच्या लगेच पुढं माझा यायला हवा होता — तो नव्हता. ओळ तिथून उडी मारून भलतीकडंच गेली होती. मी बोट ठेवून पुन्हा पाहिलं. पुन्हा तेच.

चाचांनी माझं तोंड पाहिलं आणि कप आणून ठेवला. मग हळूच विचारलं, “और बाईंचं, मास्तर?”

तुम्ही असता तर काय बोलला असता? — नको, हे विचारण्यात अर्थ नाही. तुम्ही तिथं नव्हता, मी होतो. टेबलाभोवती माझे दोन-तीन विद्यार्थी उभे होते, शाळेतले शिंदे मास्तर होते, ते स्वतःही आपटले होते. मास्तर नापास आणि मास्तरीण पास, हे संध्याकाळपर्यंत बाजारात कसं फिरेल ते मला ऐकू यायला लागलं. मी म्हणालो, “तिचंही गेलं.”

चाचांनी दुसरा कप आणला. “ये उनका,” म्हणाले. “ती बिचारी इथं कुठं येते प्यायला.”

तो चहा मी प्यालो. दोन्ही कप प्यालो, शेवटपर्यंत. कबुली द्यायचीच तर तेवढं मला सगळ्यात आधी आठवतं.

घरी इंदू दारातच होती. मी मान हलवली. तिनं विचारलं, “नीट पाह्यलं ना तुमी? दोघायचंही?” मी म्हणालो, दोनदा पाहिलं. तेवढं खरं होतं. ती म्हणाली, “हात-पाय धुवा. उन्हातून आले.” दुसऱ्या दिवशी चाचांच्या हॉटेलातून त्याच पेपरात भजी बांधून गेली. बाया काही स्टँडवर पेपर वाचायला जात नव्हत्या, आणि तिचा नंबर आम्हा दोघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हता.

महिन्याभरानं गुणपत्रिका आल्या. पत्ता शाळेचा दिला होता. मी इंग्रजीत आपटलो होतो. तिला दुसरा वर्ग होता, आणि इंग्रजीत सगळ्यात जास्त मार्क होते. तेव्हा सांगता आलं असतं. ‘पेपरात छापायची चूक झाली होती बघ’ — एवढंच म्हणायचं होतं, ती आनंदानं वेडी झाली असती, कुणी काही विचारलं नसतं. पण सेक्रेटरींनी तोवर अमरावतीहून एक बाई आणायचं ठरवलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, जरा हसं झालं असतं माझं. तेवढं हसं मला सोसणार नव्हतं. शाळेच्या कपाटावर राज्याच्या नकाशाची गुंडाळी होती. तिच्यात मी ती गुणपत्रिका सारली. पुढं पदवीदानाचं बोलावणं आलं, तेही तिथंच गेलं.

अमरावतीच्या बाई आठ महिने राहिल्या. इथलं पाणी मानवलं नाही म्हणून निघून गेल्या, आणि वर्ग मोडला. ज्या मुली त्यात बसायच्या त्या परत घरी बसल्या. दोघींची त्याच उन्हाळ्यात लग्नं लागली. हेही माझ्याच नावावर लिहा.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल — एका अविचारी क्षणाचं खोटं, मग त्याचं ओझं. मलाही पुष्कळ वर्षं तसंच वाटून घ्यायला आवडायचं. पण मी ज्याच्याकडं येतो आहे ते हे नाही.

दुसऱ्या वर्षी मी पुन्हा बसायचं ठरवलं. इंदू म्हणाली, माझाही फॉर्म भरा. आता बघा — तो फॉर्म गेला असता तर विद्यापीठातून उत्तर आलं असतं की बाई, तुम्ही तर पास आहात. म्हणजे तिला थांबवणं भाग होतं. मी म्हटलं, पुढच्या साली. ती बरं म्हणाली. पुन्हा विचारलं, मी म्हटलं, घरात कामं किती पडली आहेत. तिसऱ्यांदा तिनं मला जेवायला वाढताना विचारलं. साधंच विचारलं, “भरून राह्यले ना माहा फॉर्म?”

मी ताटातून मान वर न करता म्हणालो, “इंदू, तुही झेप इंटरवरीच हाय. काहून आपलं हसं करून घेतं?”

तिनं हातातली भाकरी ताटात ठेवली. म्हणाली, “बरं.”

बस, एवढंच. ती रडली नाही, भांडली नाही. भांडली असती तर कदाचित माझ्या तोंडून निघून गेलं असतं. तिनं ते खरं मानलं. जी बाई माझ्यापेक्षा हुशार आहे हे मला छापील कागदावरून ठाऊक होतं, तिला मी तोंडावर सांगितलं की तुझं डोकं एवढंच — आणि तिनं मानलं, कारण मी मास्तर होतो, आणि कारण तिच्या समजुतीप्रमाणं विद्यापीठानंही तेच सांगितलं होतं. माझं एकट्याचं वजन पुरलं नसतं. मी विद्यापीठाचं नाव वापरलं.

दुसऱ्या दिवशी तिची पुस्तकं जुन्या लुगड्यात बांधून पेटीत गेली. माझी बाहेर राहिली. रोज संध्याकाळी ती मला इंग्रजीचं पुस्तक वाचून दाखवायची, कठीण जागा समजावून सांगायची. मी तिच्या शिकवणीवर पास झालो. परीक्षेला ती माझ्यासोबत शहरात आली, मी आत पेपर लिहायचो तेव्हा बाहेर निंबाखाली डबा घेऊन बसायची. एका दुपारी मी बाहेर आलो तर ती मान वर करून नव्या इमारतीकडं पाहत होती. मागच्या खेपेला तिथं बांबूच होते, आता दोन मजले उभे होते. “केवढं वाढून राह्यलं हो,” म्हणाली, “आपलं विद्यापीठ.”

आपलं. मी डबा उघडला.

पुढं मी हेडमास्तर झालो. पदवी चौकटीत बसवून भिंतीवर लावली. तिची काच इंदू पुसायची. दरम्यान प्रांतरचना बदलली, वऱ्हाड मुंबईकडं गेला, जुन्या राज्याचा नकाशा निकामी झाला. एकदा मनात आलं म्हणून मी कपाटावर पाहायला गेलो, तर गुंडाळी नव्हती. रद्दीत गेली असणार. मला सुटल्यासारखं वाटलं. ते वाटणंही मी विसरलेलो नाही.

इंदूनं पुढं ओसरीवर मुलींना शिकवायला सुरुवात केली. पैसे घेत नसे. पहिल्या दिवशी त्यांच्या आयांना सरळ सांगितलं, “मी बी.ए. नापास हाय. पण इंग्रजी येते मले.” तेच तिचं नाव पडलं. प्रेमानंच म्हणायचे — नापासबाईंकडं जाते आमची पोरगी. शिंदे मास्तर दुसऱ्यांदा आपटले तेव्हा आमच्या घरी येऊन विद्यापीठाच्या नावानं बोटं मोडू लागले, पेपर न वाचताच मार्क देतात म्हणाले. इंदू एरवी मोठ्यानं बोलत नसे. त्या दिवशी आतून बाहेर आली आणि म्हणाली, “असं नोका म्हणू भाऊजी. चुकून पास केलं असन त्याईनं एखाद्याले. चुकून नापास नाई करत ते विद्यापीठ. मले काय येत नव्हतं, मले मालूम हाय.”

मी खाली सतरंजीकडं पाहत होतो. तिला काय येत नव्हतं? आजतागायत मला सांगता येणार नाही.

तिच्या हातच्या मुली एकेक करून त्याच विद्यापीठात गेल्या. सुटीत आल्या की सांगत, बाई, आता नवं ग्रंथालय झालं, मुलींचं वसतिगृह झालं. ती ऐकून घ्यायची, कुठल्या बाजूला झालं ते विचारायची. निंबाचं झाड आहे का अजून, विचारायची.

इंदू गेली त्याला आता तीन वर्षं झाली. शाळेच्या पटांगणात शोकसभा झाली. मी एवढी माणसं धरून चाललो नव्हतो. तिच्या ओसरीवर शिकलेली एक मुलगी — आता तीही केस पांढरे झालेली, कॉलेजात शिकवून निवृत्त झालेली — बोलली, की पदवी घेताना मला बाईच आठवल्या, कारण माझ्यापेक्षा त्यांना जास्त येत होतं. लोकांनी मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो. समोर तिचा फोटो होता, हार घातलेला. ऐकून घेणारं सगळं गाव होतं. कुणी मला आता काय करणार होतं? नोकरी संपलेली, ती गेलेली, हसायला जुनं कुणी उरलेलं नाही. मी तोंड उघडलं.

मी म्हणालो, “इंदू बी.ए.ला नापास झाली, पण खचली नाही.”

पुढच्या रांगेतल्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. मी खाली बसलो. शेजारच्यानं माझा हात धरून दाबला, आणि मी तो दाबू दिला.