कुंकू लागलेल्या कड्या

चैतराम बोपचे टिळा लावल्याशिवाय कुठलीही वस्तू वापरात घेत नाहीत. नवा मोबाइल, नवं टायर, भरलेलं सिलिंडर, सगळ्यांच्या कपाळी कुंकू. वस्तूला कपाळ नसलं तर ते शोधून काढतात. बायको दुर्पता सांगते, "लगनात माह्याआधी मोटारसायकलले कुंकू लावलं यायनं." चैतराम हे नाकारत नाहीत. मोटारसायकल आधी आली होती, एवढंच म्हणतात.

बरीच वर्षं त्यांनी गोंदियाच्या राइस मिलमध्ये फिटरकी केली. तिथे तुटलं की वेल्डिंग मारायचं, पुन्हा तुटलं की त्यावरच पुन्हा मारायचं, आणि तांदूळ निघतोय ना एवढं बघायचं. पुढे फुलचूरजवळ हेमेंद्र सेठच्या वर्कशॉपात लागले. तिथेही राइस मिलचेच बोल्ट. पण एके दिवशी सेठच्या मनाने घेतलं, आपण शिकाऊ विमानांच्या सीटबेल्टची कडी करायची. बिरसीच्या धावपट्टीवरून उडालेली ती छोटी विमानं धानाच्या बांध्यांवर दिवसभर घिरट्या घालतात. इतकी वर्षं कुणी वर बघत नव्हतं. आता चैतराम बघायला लागले, आणि रस्त्यात थांबून बघत असल्याने मागचे हॉर्न द्यायला लागले.

आता विमानाची कडी काही बोल्टासारखी पोत्यात भरून पाठवता येत नाही. विमान खात्याचे लोक येतात, कारखाना बघतात, मंजुरी देतात, तेव्हा कुठे ती विमानात जाते. धातू कुठला, कोणत्या मशीनवर कापला, कशाने पुसला, सगळं आधी ठरवून खात्याला सांगायचं, आणि सांगितलं त्याबाहेर बोटसुद्धा लावायचं नाही. मंजुरी नाही मिळाली तर परत बोल्ट.

चैतराम इथले शेवटचे तपासनीस झाले. त्यांच्या शिक्क्याशिवाय कडी दाराबाहेर जात नाही. आणि शिक्का हातात आल्यावर माणूस बदलतो म्हणतात ते खोटं नाही. लेथवरच्या गुलशनने एकदा कड्या रॉकेलने पुसल्या, तर चैतरामांनी सगळ्यांवर नापासाची लाल चिठ्ठी बांधून त्या कापायला लावल्या. वर त्याला भाषण दिलं, "ठरलं नाही ते लावाचं नाही. उद्या तू तेल लावशीन, परवा दुसरा दही लावन."

खात्याच्या मॅडम यायच्या आदल्या दिवशी नेमकी विश्वकर्मा पूजा आली. सेठनी फरशी दोनदा पुसून घेतली होती. ते म्हणाले, "भैया, इस बार पूजा जरा जोरात होऊ द्या."

चैतरामांना हे सांगायची गरज नव्हती. लेथ झाला, ड्रिल झालं, कॉम्प्रेसर झाला. थाळी घेऊन ते तपासणीच्या खोलीत आले. तिथे ट्रेमध्ये पांढऱ्या कागदावर मंजुरीसाठी बनवलेला कड्यांचा पहिला लॉट, उघड्या धातूचा, चांदीसारखा चमकत होता. चैतरामांना वाटलं, जमिनीवरच्या मशिनीला कुंकू आणि आभाळात जाणाऱ्याला नाही, हा कुठला न्याय? ओल्या कुंकवाचं बोट एकेका कडीवर टेकवून, हात जोडून ते घरी गेले.

सकाळी सेठनी ट्रे बघितला आणि स्टुलावर बसले. "ये क्या कर दिया, भैया?"

"पूजा केली, सेठ."

"पुसा. लवकर पुसा. मॅडम निघाल्या आहेत."

चैतरामांनी फडकं उचललंसुद्धा. दारात गुलशन उभा होता, हाताची घडी घालून. "काऊन गा चैतरामभाऊ," तो म्हणाला, "माह्या रॉकेलले लाल चिठ्ठी, अन् तुमच्या कुंकवाले फडकं?"

फडकं कडीपर्यंत नेऊन चैतराम थांबले. कुंकवात काय काय असतं, ते उघड्या धातूला खातं की नाही, हे कुणी तपासलं नव्हतं. पुसल्यावर लाल दिसणार नाही, पण लागलेलं लागलेलंच. त्यांनी फडकं ठेवलं, ट्रेला लाल चिठ्ठी बांधली आणि कारण लिहिलं, 'कुंकू'. सेठनी भिंतीकडे तोंड केलं.

मॅडम आल्या. गंज, ओरखडे, खोटे शिक्के सगळं बघून झालेल्या बाई, पण या चिठ्ठीपाशी त्या थांबल्या. "ये कैसे हुआ?"

"मी केलं, मॅडम."

"आदमी का नाम कारण नहीं होता. कुंकू अंदर आया कैसे? किसी ने रोका क्यों नहीं?"

पूजेची थाळी अडवणारा माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात नसेल, हे मॅडमना कसं सांगावं ते चैतरामांना कळेना. ते म्हणाले, "आता मी रोकीन."

मंजुरी त्या दिवशी मिळाली नाही. मॅडम म्हणाल्या, या खोलीत काय यायचं आणि काय नाही ते ठरवा, नवा लॉट करा, मग बोलवा. आणि हा लॉट माझ्यासमोर कापा, म्हणजे कुठल्या विमानात चुकून पोचायला नको.

इथे गुलशनच अडला. "पूजेची वस्तू कापाची कशी गा? पाप लागन ना."

चैतरामांनी विचार केला. "गणपतीले नाही बुडवत का आपण? याचं विसर्जन समज." त्यांनी ट्रेवर चार अक्षता टाकल्या, सवयीने "पुनरागमनाय च" म्हटलं आणि पहिली कडी कापायला शिकंज्यात आवळून धरली.

"थांबा," गुलशन म्हणाला. "हे नोको म्हणू. यायनं वापस याचंच नाही, म्हणून तं कापून राहिलो."

मॅडमनी सेठना दोघांच्या बोलण्याचा अर्थ विचारला. सेठनी दबकत सांगितला. सकाळपासून त्या पहिल्यांदा हसल्या. "पूरे कारखाने में एक आदमी को समझ में आ गया," म्हणाल्या, आणि लगेच गंभीर होऊन कापलेले तुकडे मोजायला लागल्या.

मंजुरी दिवाळीनंतर आली. मधल्या काळात सगळ्यांनी बोल्ट केले, आणि चैतरामांनी, शेवटचे तपासनीस असूनही, ते पोत्यात भरले.