पोपटीच्या जाळाजवळचं अर्धं वाक्य

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच — आणि खरं म्हणजे आधी तिलाच सांगायला हवं होतं. तुमची माझी ओळख नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलणं सोपं जातंय. हाही भित्रेपणाच म्हणा हवं तर.

गोष्ट म्हटली तर एवढीशी. चोरी नाही, मारामारी नाही. एक वाक्य आहे, तेही अर्धं. आणि एक बोट आहे. बोटाचं नंतर सांगतो.

मोहोपाड्याकडच्या एका रसायनांच्या कारखान्यात, माल तपासायच्या खात्यात माझी सगळी नोकरी गेली. नमुना घ्यायचा, तपासायचा, पास की नापास ते लिहायचं. जन्मभर दुसरं काही केलं नाही की माणसाला वाटायला लागतं, आपण जे बघू ते आपल्याला कळतं. निवृत्त झाल्यावर कर्जतला या सोसायटीत घर घेतलं. इथली बिऱ्हाडं बहुतेक नवी. कुणी ठाण्याला कामाला, कुणी दादरला. गावात कोण कुणाचा, कुणी काय केलं, त्यांना पत्ता नसतो. मी मात्र सकाळ-संध्याकाळ गेटजवळच्या बाकावर पेपर घेऊन बसलेला. त्यामुळे नगरपरिषदेची निवडणूक लागली की माझा भाव वधारतो. काका, कुणाला द्यायचं?

मी सांगायचो. हा नको, नुसता मिरवतो. तो बरा, बोलायला तरी शांत आहे. कशावरून? बॅनरवरचा फोटो बघून. हात जोडायची पद्धत बघून. कधी कधी नुसतं आडनाव ऐकून. कारखान्यात नमुना न तपासता शेरा मारला असता तर साहेबांनी त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. इथे विचारणारं कोण होतं?

आणि आता हेही सांगूनच टाकतो — नगरपरिषदेला मी स्वतः कधी मत दिलेलं नाही. लोकसभेला जातो, विधानसभेला जातो. तिथे कसं, देशाचा, राज्याचा प्रश्न असतो. गटारासाठी आणि दिव्याच्या खांबासाठी कशाला रांगेत उभं राहायचं? सगळे एकाच माळेचे मणी, हे माझं ठरलेलं उत्तर. ते स्वतःपुरतं. दुसऱ्यांना मात्र मी मतदान हे कर्तव्य आहे म्हणून सांगत असे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण — ही म्हण कुणीतरी माझ्याकडे बघूनच केली असावी.

या खेपेला आमच्या प्रभागातली एक जागा बायकांसाठी राखीव झाली आणि कुंदा उभी राहिली. कुंदा म्हणजे इथलीच, रस्त्यापलीकडच्या शेतकरी घरातली. गावातल्या एका दवाखान्यात नर्स आहे. स्कूटर काढून घरोघर इंजेक्शनं द्यायला जायची. कुणाची सलाईन, कुणाची जखम बांधायची, वेळ-अवेळ बघायची नाही. नवरा खोपोलीला कंपनीत, पाळीची ड्यूटी. माझ्या बायकोला दर महिन्याला इंजेक्शन लागतं, त्यासाठी ती आमच्याकडे यायची, चहा घ्यायची, दोन गोष्टी बोलायची आणि जायची. मी तेव्हा बहुधा बाकावर असायचो. तिच्या विरोधात ज्या बाई होत्या, त्यांच्या बॅनरवर त्यांच्यापेक्षा त्यांच्या नवऱ्याचा फोटो मोठा होता. त्याखेरीज त्यांच्याबद्दल मला काही माहीत नव्हतं.

मतदानाला थोडे दिवस होते. थंडी पडली होती, वालाला शेंगा धरल्या होत्या. सोसायटीच्या मागच्या शेतात कुणीतरी पोपटी लावली. कोणी दिली, हे कोणीही विचारलं नाही. निवडणुकीच्या दिवसांत पोपटीला मालक नसतो. मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, अंडी, कोंबडी भरून मडकं उपडं ठेवलं, भोवती जाळ केला. पोपटीत खरं काम जाळाचं. माणसांनी नुसतं बसायचं आणि बोलायचं.

दुसऱ्या मजल्यावरच्या पाटणकरांनी विचारलं, काका, या कुंदाताई कशा आहेत हो?

मला काय माहीत होतं? चहा पिऊन जाते, एवढं. "माहीत नाही" म्हणायला काय हरकत होती? पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि ते दोन शब्द मला कधी जमलेच नाहीत. मी म्हणालो, तशी बरी आहे. पण तिच्याबद्दल — मी काय काय ऐकलंय — जाऊ दे.

तेवढ्यात कुणीतरी मडक्यावर पाणी शिंपडलं, ते चर्रकन उडालं. झाली पोपटी. सगळे उठले. पत्रावळी आल्या, शेंगांचा वास सुटला. माझं वाक्य तिथेच अर्धं राहिलं.

खरं सांगतो, मी काहीही ऐकलेलं नव्हतं. तुम्ही म्हणाल, पोपटी खाल्ली त्याचं हे देणं. किंवा काही जुनं वैर असेल. तसं असतं तर आज सांगायला काहीतरी कारण तरी असतं. वैर नव्हतं. लोभ नव्हता. नुसतं बोलायचं म्हणून बोललो, आणि वर शेंगा खाल्ल्या. चांगल्या भाजल्या होत्या.

चार-सहा दिवसांनी गेटवरच्या भाजीवालीने मेथी निवडता निवडता मला सांगितलं, "ती नर्स हाय ना काका, रातचं इंजेक्शन द्यायच्या नावाखाली कुठं कुठं जाते म्हनं. तुमच्याच बिल्डिंगीत बोलत व्हते." ते वाक्य मी ओळखलं. मी अर्धं सोडलं होतं, माणसांनी ते पूर्ण केलं होतं. बाईबद्दलचं अर्धं वाक्य माणसं कशाने पूर्ण करतात, हे या वयाच्या माणसाला ठाऊक नसावं? ठाऊक होतं. तेव्हाही मी म्हणू शकलो असतो, अगं खोटं आहे ते, मीच उगाच बोललो. मी म्हणालो, "हो का?" आणि जुडी घेऊन घरी आलो.

मतदानाच्या दिवशी बायको बदलापूरला होती, लेकीच्या बाळंतपणासाठी. मतदान होतं ती शाळा माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. सकाळी वाटलं, गर्दी असेल. दुपारी जेवलो, आडवा झालो. उठलो तेव्हा वेळ सरत आली होती. गेलो असतो तर अजून मत देता आलं असतं. चहा केला. तो पिईपर्यंत सहज वेळ संपली — सहजच, काही ठरवून नाही.

मग आठवलं की खाली सगळे बोटं दाखवत फोटो काढणार. मीच तसं सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं होतं, प्रत्येकाने शाई लावून यायचं. मी कपाटातून पट्टी काढली आणि डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला गुंडाळली. खाली जाऊन सांगितलं, सकाळीच मत देऊन आलो, मग विळीवर बोट कापलं. बायको नाही ना घरी. सगळे हळहळले. फोटोत मीही आहे, पट्टीचं बोट वर करून.

कुंदा हरली. फरक मोठा होता. माझ्या एका मताने काहीही झालं नसतं, हे मी पहिल्याच मिनिटाला मनाशी म्हटलं, आणि ते बरोबर आहे. माझ्या एका वाक्याने काय काय झालं, ते मी मोजायला गेलो नाही.

निकालानंतर ती आभार मानायला आली. जिंकलेल्या बाई आल्या नाहीत, हरलेली आली. एकेक दार वाजवत, हात जोडत. काही दारं अर्धीच उघडली, ते मी जिन्यातून येणाऱ्या आवाजांवरून ओळखलं. मग माझं दार. या म्हणालो. बोटाला अजून पट्टी होती, कारण शाई इतक्या लवकर जात नाही आणि मी तसा हिशेबी माणूस आहे. पट्टी मळून काळी झाली होती.

तिचं लक्ष तिकडेच गेलं. "अवो काका, असं ठेवतात का? पिकंल ना बोट." तिने पर्समधून पट्टीची गुंडाळी काढली, समोर बसली आणि माझा हात हातात घेतला. मी हात मागे का घेतला नाही? नको म्हणायला काय झालं होतं? आजही मला नीट सांगता येत नाही. कदाचित एकदाचा तपासला जाऊ दे नमुना, असंही वाटलं असेल.

पट्टी सोडता सोडता ती बोलत होती, मान खाली घालून. "काय काय बोलली माणसं माझ्याबद्दल, काका. घरच्यांच्या कानापर्यंत गेलं. आता हे म्हनतात, घरोघर सुई द्यायला जायचं नाय, दवाखान्यातनं थेट घरी यायचं. मत नाय दिलं त्याचं काय नाय हो. पन असं कोन बोललं असंल? तुमी तसं बोलनारे नाय, म्हाईत हाय मला."

आणि शेवटचा वेढा सुटला.

बोट पांढरं पडलं होतं, पाण्यात भिजल्यासारखं. जखम नव्हती. शाईही नव्हती. ती बघत राहिली. तिने बोट थोडं वळवून नखाजवळ बघितलं. मी तिच्या भांगाकडे बघत होतो. आता काहीतरी बोलेल, असं वाटलं. तिने नवी पट्टी काढली आणि त्या धडधाकट बोटाला ती बांधली — हळू, नीट, कुठेही न दुखवता, जणू खरंच जखम आहे. मग टोक आत खोचून म्हणाली, "घट्ट बांधलीय. आता कुनाला दिसायचं नाय."

आणि पर्स उचलून पुढच्या दाराकडे गेली.

तिने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला कळलं असतं. मी गेटवरच बसतो. म्हणजे तिने मला झाकलं. पण जे झाकलं ते माझ्या करणीतलं लहान होतं. मोठं तिला अजून माहीत नाही. तेव्हा तोंडाशी आलं होतं का? नाही. आलंच नव्हतं. पुढचं दार उघडल्याचा आवाज ऐकला आणि मी आतून कडी लावली.

बायको परत आली. तिला गेटपासून घरापर्यंत यायच्या आतच सगळं कळलं होतं. रात्री जेवताना मला म्हणाली, कुंदाबद्दल ऐकलंत? मी म्हणालो, ऐकलं. या संक्रांतीला तिने कुंदाला हळदीकुंकवाला बोलावलं नाही. इंजेक्शनसाठी आता ती रिक्षाने पुलापलीकडच्या दवाखान्यात जाते. तिचे गुडघे दुखतात, म्हणून मीही बरोबर जातो. तिथली मुलगी नवी आहे, सुई टोचताना घाई करते.

परवा परत येताना रिक्षात ती दंड चोळत म्हणाली, "कुंदाचा हात हलका होता हो. पण काय करणार, आगीशिवाय धूर निघत नाही."

मी तिची पिशवी मांडीवर धरून बसलो होतो. कुंदाचा हात हलका होता, हे मला माहीत आहे.